एकशे बारावा दिवस

"पहिलं पान बाजूला ठेव, वैजू," देवतळे काका म्हणाले. "पहिल्या पानावर मशीन नुसती रडते. काऊन रडून राहिली, ते मागं असते."

माझ्या टेबलावर हिरव्या पट्ट्यांच्या कागदाचा वीतभर उंच गठ्ठा होता. प्रोग्रॅम मध्येच कोसळला की त्या क्षणी मशीनच्या पोटात जे काही असेल ते सगळं आकड्यांमध्ये छापून बाहेर येतं. त्याला डंप म्हणतात. त्या दिवशी कोसळलेला प्रोग्रॅम माझा होता. २००३ सालचा मार्च होता, सकाळचे अकरा वाजले होते, आणि नागपूरच्या आमच्या परीक्षा संगणन केंद्रात कूलर अजून बसवले नव्हते.

आम्ही तंत्रशिक्षणाच्या परीक्षांचे निकाल लावायचो. मशीन मोठं, जुनं, अख्खी खोली व्यापणारं. त्याच्या आतले सगळ्यात जुने प्रोग्रॅम असेम्ब्लरमध्ये लिहिलेले होते, म्हणजे जवळजवळ मशीनच्याच बोलीत. ती बोली केंद्रात नीट अशी फक्त दोघांना येई. एक माझे बाबा, ते जाऊन चौदा वर्षं झाली होती. दुसरे देवतळे काका, ते एकवीस दिवसांनी निवृत्त होणार होते. म्हणून तीन महिन्यांपासून ते मला शिकवत होते.

"सांग, चौदा नंबरच्या रजिस्टरमध्ये काय असते?"

"परत यायचा पत्ता," मी म्हटलं. रजिस्टर म्हणजे मशीनच्या आतला नंबर घातलेला एकेक कप्पा.

"पंधरामध्ये?"

"जिथं जायचं तिथला पत्ता."

"आणि तेरामध्ये?"

"सामान ठेवायच्या जागेचा पत्ता."

"कोणाचं सामान?"

"बोलावणाऱ्याचं."

"आणि ठेवते कोण?"

"जो बोलावल्यावरून आला, तो. काम सुरू करायच्या आधी बोलावणाऱ्याच्या सगळ्या वस्तू त्याच्याच जागेत नीट ठेवायच्या. जाताना जशाच्या तशा लावून द्यायच्या."

"शाब्बास. आमच्याकडे येणारे पाव्हणे इतके शहाणे असते तं मी आज वाड्यावर वाडा बांधला असता." काका स्वतःच हसले. "आता त्या जागांची साखळी धरून मागं मागं जा. कोणी कोणाला बोलावलं ते दिसते. जिथं साखळी थांबली तिथं मेलेला माणूस."

तेवढ्यात केंद्राचे प्रमुख किंमतकर साहेब दारात येऊन उभे राहिले. ते कधी आत येत नसत, चौकटीला टेकून बोलत.

"कोणाचा फुटला?"

"बोलावणारा माझा आहे, सर," मी म्हटलं. "पण माझ्यातून जो ग्रेस मार्कांचा उपप्रोग्रॅम बोलावला, तो आत फुटलेला दिसतो."

"ग्रेस मार्कांचा? म्हणजे एमडीयू," साहेब म्हणाले, आणि मग त्यांच्या लक्षात आलं. "सॉरी हं, वैजयंती."

"नाही सर. माझ्याच वडिलांचं आहे. बघते मी."

हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलं होतं की ते आपोआप येई. एमडीयू म्हणजे मनोहर दिगंबर उमाठे. आमच्याकडची पद्धत अशी होती की जो उपप्रोग्रॅम लिहील त्याने अगदी सुरुवातीला उपप्रोग्रॅमचं नाव, तारीख आणि स्वतःची आद्याक्षरं कोरून ठेवायची. मशीन तेवढा भाग ओलांडून पुढे जातं. ती अक्षरं माणसांसाठी असतात, डंप वाचणाऱ्यासाठी. बाबा गेल्यावर पुढच्या वर्षी मी अनुकंपा तत्त्वावर इथे लागले, अठराव्या वर्षी, डेटा एंट्रीला. तेव्हापासून ही तीन अक्षरं ऐकत होते. काही फुटलं की एमडीयू. निकाल थांबला की एमडीयू. "उमाठ्यांनी काय लिहून ठेवलंय कोणास ठाऊक." सुरुवातीला मी स्वच्छतागृहात जाऊन रडायचे. मग रडायचं थांबले. मग मलाही ते पटलं.

"उद्या बारापर्यंत मला अहवाल पाहिजे," साहेब म्हणाले. "मुंबईला, मुख्य कार्यालयात जायचाय. कारण लिहा, लिहिणाऱ्याचं पूर्ण नाव लिहा. आणि शिफारस लिहा की एमडीयूचे सगळे प्रोग्रॅम भरवशाचे नाहीत, सगळे काढून बाहेरच्या कंपनीकडून नव्याने लिहून घ्यावेत. एकदाचं संपवू."

"सगळे?" मी विचारलं.

"सगळे. किती वर्षं एका माणसाचं निस्तरायचं?"

ते गेले. काका खिडकीबाहेर बघत होते. "मी चहा सांगून येतो," म्हणाले आणि तेही गेले. चहा आमच्या टेबलावर न सांगता येत असे.

मी साखळी धरली. माझ्या प्रोग्रॅमची सामानाची जागा सापडली. त्यात पंधरा नंबरचा आकडा वाचला. त्या पत्त्याचं पान काढलं. डाव्या बाजूला नुसते आकडे असतात, उजव्या कडेला त्यांची अक्षरं छापलेली असतात. तिथे लिहिलं होतं:

ग्रेस०१ ८९११२ एमडीयू.

मी ती ओळ बोट ठेवून पुन्हा वाचली.

आमच्याकडे तारीख अशी लिहीत: आधी साल, मग त्या सालातला कितवा दिवस. बाबा गेले ते १९८९च्या नऊ फेब्रुवारीला. तो सालातला चाळिसावा दिवस. हे मला हिशोब न करता माहीत होतं, कारण दरवर्षी त्या दिवशी कामाच्या प्रत्येक कागदावर चाळीस हा आकडा छापून येई आणि मी तो कागद पालथा घालून ठेवत असे.

एकशे बारावा दिवस म्हणजे बावीस एप्रिल. भिंतीवरच्या कॅलेंडरवर मी महिन्यांचे दिवस मोजून पाहिले. दोनदा पाहिले. बावीस एप्रिलला बाबांच्या तेरवीलाही दोन महिने होऊन गेले होते.

मला आधी वाटलं, छपाई चुकली. मग वाटलं, तारीख लिहिताना बाबांची चूक झाली असेल, ढिलेच होते ते. असा विचार माझ्या मनात आला, इतक्या सहज, हे मी आज लपवत नाही.

मग मी एक साधं काम मशीनला लावलं. मशीनमधल्या प्रोग्रॅमच्या ग्रंथालयातल्या प्रत्येक उपप्रोग्रॅमचं सुरुवातीचं कोरलेलं वाक्य छापून दे, ज्यात एमडीयू आहे तेवढंच. दहा मिनिटांनी एकच पान आलं. तीस ओळी होत्या. मी पेन घेतलं आणि चाळिसाव्या दिवसाच्या पुढच्या प्रत्येक ओळीवर टिंब देत गेले. एकोणीस टिंबं झाली. शेवटचा प्रोग्रॅम ९७२०३ तारखेचा होता, १९९७च्या जुलैचा. बाबांना जाऊन आठ वर्षं झाली होती, आणि ते अजून प्रोग्रॅम लिहीत होते.

*

काका टेपच्या खोलीत सापडले. चहा त्यांनी सांगितला नव्हता. जुन्या टेपांच्या कपाटाला टेकून स्टुलावर बसले होते. मी पान त्यांच्या मांडीवर ठेवलं.

त्यांनी ते वरून खालपर्यंत वाचलं. मग चष्मा काढला.

"तू इतक्या लवकर इथवर येशील असं नाही वाटलं मला," म्हणाले. "एकवीस दिवस तं राहिले होते बाप्पा."

"कोणी लिहिले हे?"

"बहुतेक मी. चार-पाच बाकीच्यांनी. वर्ध्याचा तो देशकर होता, त्यानं. आणखी एक दोन."

"आणि नाव बाबांचं?"

"हो."

"का?"

काकांनी चष्म्याच्या काड्या मिटल्या, उघडल्या. "पहिला, हा ग्रेसवाला, तो मन्याचाच होता, अर्धा. तो गेला तेव्हा टेबलावर अर्धवट पडला होता. निकाल तोंडावर आला होता. मला असेम्ब्लर मन्याइतकं कधीच नाही आलं, तुले माहीत आहे. मी कसाबसा पुरा केला. त्याचंच काम होतं म्हणून त्याचंच नाव ठेवलं. देवाशपथ, वैजू, तेव्हा मनात दुसरं काही नव्हतं. आदरानं ठेवलं."

"मग?"

"मग जूनमध्ये निकाल लागला. तीनशे बारा पोरं नापास निघाली. नापास नव्हती. माझी चूक. नऊ दिवस ती पोरं नापास होती. चौकशी बसली. मी उठून सांगणार, तेवढ्यात त्या वेळच्या साहेबांनी कागद वाचला. एमडीयू. म्हणाले, उमाठे गेले, आता मेलेल्या माणसाला काय नोटीस द्यायची? विषय बंद. आणि माझं तोंड उघडलंच नाही."

"एक दिवस नाही उघडलं. समजू शकते. चौदा वर्षं?"

"एकदा झालं की दुसऱ्यांदा सोपं जाते. घाईचं काही लिहिलं, भरवसा नसला, की कोणी तरी म्हणे, मन्याच्या नावावर टाक. हसत म्हणत. त्याला कोणी मीटिंगमध्ये बोलावणार नाही. पद्धतच पडून गेली."

मला आवाज चढवता येत नव्हता. शेजारच्या खोलीत माणसं होती. "मी इथे बसले होते, काका. त्या पद्धतीच्या चार हातांवर. तुम्ही मला जेवणाचे डबे दिलेत. माझ्या पहिल्या परीक्षेला तुम्ही स्कूटरवरून सोडलंत. आणि लोक त्यांना नावं ठेवायचे तेव्हा तुम्ही—"

"मी चहा सांगायला जायचो," काका म्हणाले.

मी विचारलं, "चौकशी संपल्यावर तरी? दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी? एकदाही वाटलं नाही सांगावं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"ते मी नाही सांगणार," म्हणाले. "ते वहिनींना विचार."

*

आई गच्चीवर मुगवड्या गोळा करत होती. उन्हं उतरली होती. जुन्या लुगड्यावर वाळलेल्या वड्या ती एकेक सोडवून परातीत टाकत होती, आणि मी समोर बसून सगळं सांगितलं. प्रोग्रॅम, तारीख, टिंबं. तिला असेम्ब्लर कळत नव्हतं, पण तारखा कळत होत्या. बावीस एप्रिल म्हटल्यावर तिचे हात थांबले.

"देवतळे काका म्हणाले, पुढचं तुला विचार."

आईने परात बाजूला ठेवली.

"आले होते भाऊजी," ती म्हणाली. "जूनच्या शेवटी. पायरीवरच बसले, आत येईनात. म्हणाले, वहिनी, उद्या मी साहेबांना सांगतो, चूक माझी आहे, मन्याची नाही. रडत होते."

"मग?"

"मी म्हटलं, नका सांगू."

आई संथ बोलत होती, जणू हे वाक्य फार वर्षं तयार करून ठेवलेलं होतं.

"तुझी फाईल मुंबईला जायची होती. नोकरीची. पाठवणारे भाऊजीच होते, मागे लागणारेही तेच. दुसरं कोण होतं आपलं तिथं? तेच घरी बसले असते तर? मी म्हटलं, त्यांचं तर आता कोणी काही बिघडवू शकत नाही. माझ्या पोरीचं बिघडेल."

"तू बाबांचं नाव दिलंस?"

"द्यायला दुसरं होतं काय घरात?"

खाली रस्त्यावरून कोणाचीतरी स्कूटर गेली. आईने एक वडी उचलली आणि बोटांनी फिरवत राहिली.

"मी येऊन तुला सांगायचे," मी म्हटलं. "लोक काय म्हणतात ते. मग मीच म्हणायला लागले. दोन वर्षांपूर्वी दिवाळीत, आठवतं? मी म्हटलं होतं, बाबांचं काम तसं ढिलंच होतं गं. तू पोळ्या लाटत होतीस. तू तेव्हा का नाही बोललीस?"

"तू नोकरी सोडली असती."

ते खरं होतं.

"आणि," आई म्हणाली, "पुढं पुढं मलाही वाटायला लागलं ना. इतके लोक म्हणतात, तूही म्हणते. तू तर त्यातली जाणती. मला वाटलं, असेलही. एक ते भाऊजींचं होतं, पण बाकीचं त्यांचंच चुकत असेल. घरी कुठं दिसते माणूस कामात कसा आहे ते?"

आई गेल्या डिसेंबरात गेली. म्हणून हे आता लिहिता येतं. ती असताना मी हे कोणाला सांगितलं नाही, कारण ऐकणाऱ्याने तिला दोषी धरलं असतं, आणि ते मला सहन झालं नसतं. त्या संध्याकाळी मी स्वतः तिला काय धरलं, ते मला अजून नीट सांगता येत नाही. मी परात उचलून खाली नेली, एवढं आठवतं.

जिन्यात तिने मागून विचारलं, "उद्या काय लिहिणार?"

"माहीत नाही."

"खरं लिही," ती म्हणाली. "माझं आता काही बिघडत नाही. तुझंही नाही."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अहवाल लिहिला. चूक अगदी साधी होती. पत्ता चार बाइटांचा, म्हणजे चार खणांचा असतो; जुन्या काळी मशीन त्यातले तीनच बाइट वाचायचं, पहिला सोडून द्यायचं. म्हणून लोक त्या रिकाम्या पहिल्या बाइटमध्ये स्वतःच्या खुणा ठेवत. घराच्या दारावर नंबराच्या आधी खडूने काही लिहून ठेवावं, तसं. पुढे मशीन मोठं झालं, पत्ते लांब झाले, आणि नव्या पद्धतीने बोलावलं की ते चारही बाइट वाचायला लागलं. खुणेसकट. ग्रेस मार्कांच्या उपप्रोग्रॅमने पहिल्या बाइटमध्ये खूण ठेवली होती. मी त्याला नव्या पद्धतीने बोलावलं, त्याने ती खूण पत्ता समजून वाचली आणि भलत्याच ठिकाणी गेला.

कारणाखाली मी लिहिलं: "या उपप्रोग्रॅमवर एमडीयू ही आद्याक्षरं असून तारीख ८९११२ आहे. श्री. मनोहर दिगंबर उमाठे यांचं निधन ८९०४० रोजी झालं. उपप्रोग्रॅम श्री. देवतळे यांनी पुरा केला. याच आद्याक्षरांचे आणखी अठरा उपप्रोग्रॅम निधनानंतरच्या तारखांचे आहेत. यादी सोबत."

किंमतकर साहेबांनी ते उभ्याउभ्या वाचलं. मग ते आत आले आणि चक्क खुर्चीत बसले. काका माझ्या टेबलाच्या पलीकडे उभे होते.

"हे काय आहे?"

"तारखा आहेत, सर."

"ते दिसतंय मला." त्यांनी आवाज खाली आणला. "वैजयंती, हे बघा. देवतळेंचा एकतीस तारखेला निरोप समारंभ आहे. चौदा वर्षांपूर्वीचं हे आता मुंबईला कळवून कोणाचं भलं होणार? उमाठे साहेब तर... त्यांना आता काय फरक पडतो?" आणि खिशातलं पेन काढून त्यांनी त्या चार ओळींवर आडवी रेघ मारली, शांतपणे, जसे रोज एखादं स्पेलिंग सुधारत. "जुना प्रोग्रॅम, लेखक एमडीयू. एवढं पुरे."

मला तो आवाज ओळखीचा वाटला. एकोणनव्वद साली ज्यांनी विषय बंद केला, ते असेच बोलले असतील. कुत्सितपणे नाही. अगदी समजूतदारपणे.

"मी त्यावर सही करणार नाही, सर," मी म्हटलं.

"मग मी करतो."

"साहेब, ते पेन द्या," काका म्हणाले.

साहेबांना वाटलं, काका सही करणार. त्यांनी पेन दिलं. काका वाकले, आणि मारलेल्या रेघेच्या खाली त्यांनी त्याच चार ओळी पुन्हा लिहून काढल्या, स्वतःच्या अक्षरात. फक्त 'पुरा केला'च्या पुढे आणखी भर घातली: "व चुकवला. १९८९च्या निकालातील चूकही माझीच होती." खाली नाव लिहिलं, पूर्ण, अशोक दौलतराव देवतळे. ते बरंच मोठं आलं.

"देवतळे, वेड लागलंय का तुम्हाला?" साहेब म्हणाले. "एकवीस दिवस राहिले."

"वीस," काका म्हणाले.

साहेब कागद तिथेच ठेवून उठले. दारापाशी थांबून म्हणाले, "आणि शिफारस? सगळे काढायचे की नाही?"

"तीस आहेत, सर," मी म्हटलं. "एकोणीस काढा. अकरा मला बघू द्या."

*

त्या अकरांचा मूळ मजकूर काकांच्या कुलपातल्या कपाटात होता. काकांनी किल्ली माझ्यापुढे ठेवली आणि आपल्या जागेवर जाऊन बसले. चौदा वर्षांत मी बाबांनी लिहिलेली एकही ओळ वाचली नव्हती. मला वाटायचं, वाचून अजून वाईट वाटेल.

पिवळे पडलेले कागद होते, कडेची भोकं फाटलेली. पहिला उपप्रोग्रॅम १९८४चा. मी शोधत होते ती पहिल्या बाइटमधली खूण, आणि ती नव्हती. खुणेसाठी त्यांनी वेगळी जागा ठेवली होती, पत्त्यापासून लांब. दुसऱ्यातही तसंच. तिसऱ्यातही. आणि प्रत्येक ठिकाणी, जिथे पत्ता साठवला होता तिथे, शेजारी रोमन अक्षरांत मराठी टीप होती: पहिला बाइट आपला नाही.

मी तो कागद घेऊन काकांकडे गेले.

"हो," ते वर न बघता म्हणाले. "आम्ही हसायचो त्याला. मशीनमध्ये जागा कमी, आणि हा एका खुणेसाठी अख्खा वेगळा बाइट खर्चायचा. मी म्हणायचो, मन्या, अबे तो बाइट मशीन वाचतच नाही, काऊन सोडून राहिला? तो म्हणायचा, आज नाही वाचत. पुस्तकात लिहिलंय की राखीव आहे. राखीव म्हणजे दुसऱ्या कोणाचा तरी आहे."

दुपारी मी त्या अकराही उपप्रोग्रॅमना नव्या पद्धतीत बोलावलं. त्यांच्या मजकुराला हात न लावता. पहिल्याला बोलावताना मी माझ्या रजिस्टरमध्ये ओळखीचे आकडे भरून ठेवले, म्हणजे त्याने काही हलवलं तर लगेच कळेल. त्याने माझं सगळं सामान माझ्या जागेत ठेवलं, काम केलं, सगळं जसंच्या तसं लावलं आणि परत आला. मशीनने पडद्यावर शून्य दाखवलं. शून्य म्हणजे काही चुकलं नाही. मी दुसरा लावला. काका मागे येऊन उभे राहिले होते, मला कळलं नव्हतं. चौथ्यानंतर ते मोजायला लागले. सातव्याला मला पडद्यावरचं दिसेनासं झालं, तेव्हा त्यांनी वाचून सांगितलं. "शून्य, वैजू. पुढचा लाव."

मी त्यांना माफ केलं असं नाही. त्यांच्या निरोप समारंभाला मी गेले नाही. पण उरलेल्या वीस दिवसांत ते रोज त्या एकोणीस उपप्रोग्रॅमपैकी एकेक काढून त्यातलं एमडीयू खोडत होते आणि जे आपले होते त्यांवर स्वतःची अक्षरं घालत होते, आणि मी शेजारी बसून प्रत्येक तपासून देत होते. आम्ही कामाशिवाय बोललो नाही.

अहवालाच्या दिवशी मी लवकर घरी गेले. आई दारातच होती. माझ्या चेहऱ्याकडे बघून तिने पाणी आणून दिलं आणि समोर बसली. मी पिऊन रिकामा केलेला पेला हातात फिरवत ती म्हणाली, "पाहिलेस का त्यांचे? त्यांनी खरोखर लिहिलेले?"

"पाहिले. अकरा आहेत."

"मग?"

"एकही चुकीचा नाही, आई. चौदा वर्षांनी नव्या पद्धतीने लावले, हात न लावता. अकराच्या अकरा चालले. तिथे कोणालाच येत नव्हतं इतकं चांगलं काम होतं त्यांचं."

आईने पेला खाली ठेवला. पदराला हात पुसले, जरी ते ओले नव्हते.

"परत सांग," ती म्हणाली.

मी परत सांगितलं.